फ्राने सम्राटाचे दुखरे पाय

साडेअकरा वाजले की फ्राने दारात उभा राहून आधी जिना बघून घेई. बासष्ट पायऱ्या. अकरा वर्षं तो त्या रोज उतरत होता, पण त्या उन्हाळ्यात त्या वाढल्या आहेत असा त्याला दाट संशय होता. अंगात पांढरा झगा, खांद्यावरून जांभळं वस्त्र, डोक्यावर सोनेरी पानांचा मुकुट आणि पोटऱ्यांवर गुंडाळलेल्या चपलांच्या चामडी वाद्या. वाद्या बांधायचं काम बायकोचं, दिंकाचं. ती खाली बसून रोज विचारायची, घट्ट झाल्या का. तो रोज सांगायचा, पाय माझे असते तर सांगितलं असतं, हे कुणाचे आणून लावलेत कोण जाणे.

मग सम्राट जिना उतरायला लागत. एक हात कठड्याला, दुसरा वस्त्राच्या ओच्याला. खालच्या दोन्ही मजल्यांवर आता आपलं म्हणावं असं माणूस राहिलेलं नव्हतं. कधी स्वीडनचं कुटुंब, कधी कोरियातल्या दोन मैत्रिणी, आठवड्याच्या बोलीने उतरलेल्या. दार उघडून चाकांची बॅग बाहेर ओढताना त्यांना समोर अख्खा रोमन सम्राट दिसायचा, कठड्याला धरून धापा टाकणारा. बायका हात तोंडावर न्यायच्या. फ्राने मान डोलवून पुढे व्हायचा. आणि वरून दिंकाचा आवाज यायचा, राजेसाहेब, येताना पाव आणा.

स्प्लिटमध्ये आम्ही राजवाड्यात राहतो म्हटलं की बाहेरच्यांना हेवा वाटतो. वाटू दे. खऱ्या रोमन सम्राटाचा तो वाडा सतराशे वर्षांपूर्वीचा. तो ओस पडल्यावर आमच्या बापजाद्यांनी त्याच्या भिंतीभिंतींत घरं घुसवली, एवढंच आमचं राजेपण. फ्रानेच्या स्वयंपाकघराची मागची भिंत खुद्द सम्राटाच्या वेळची. दिंकाला कढई टांगायला तिच्यात एक खिळा हवा होता. तीन माणसं आली, दोन छिन्न्या तुटल्या, आणि कढई आजही टेबलावरच आहे.

फ्राने मुळात वेल्डर. एकोणतीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे जोडले. मग गोदीत माणसं कमी केली, त्यात त्याचा नंबर लागला. तो पंचावन्नचा, पेन्शनला अवकाश, सकाळी काय करायचं ते कळेना, म्हणून रोज पाश्कोच्या दुकानात जाऊन दाढी करून घ्यायचा. पाश्को आमच्या गल्लीचा न्हावी. हातात वस्तरा आणि तोंडात त्याहून धारदार जीभ. त्याच दिवसांत विंका नावाची बाई गल्लीगल्लीतून सम्राट शोधत फिरत होती. तिने पर्यटकांसाठी एक खेळ काढला होता. पेरिस्टिल म्हणजे वाड्याच्या मधला खांबांचा चौक. तिथे रोज दुपारी बाराला शिंग वाजणार, दोन भालेवाले येणार, त्यांच्यामागून सम्राट कमानीतून बाहेर पडून लॅटिनमध्ये तीन वाक्यं बोलणार, आणि मग लोक त्याच्याबरोबर फोटो काढणार. माणूस उंच हवा आणि नाक रोमन हवं, असं तिचं म्हणणं होतं. पाश्कोने वस्तरा न थांबवता सांगितलं, नाक हवंय ना, ते माझ्या खुर्चीत बसलंय, फेस पुसला की दिसेल.

अशा रीतीने पाश्कोने फ्रानेला सम्राट केलं, आणि ज्याने केलं त्याला टोमणे मारायचा जन्मभराचा हक्क आहे असं तो धरून चालला. अकरा वर्षं त्याने तो हक्क एक दिवस वाया घालवला नाही. फ्रानेची चाल बघून त्याने त्याला तिकीट तपासनीस म्हटलं. जांभळं वस्त्र बघून विचारलं, दिंकाचे पडदे धुवायला काढलेत का. फ्रानेने लॅटिन बोलायला तोंड उघडलं की हा चौकातल्या कॉफीच्या टेबलावरून डोळे मिटून छातीवर क्रूस काढायचा, कुणी मेल्यासारखा. आम्ही सगळे हसायचो. फ्रानेही आधीआधी हसायचा. पुढे त्याला हसायचाही कंटाळा आला.

कारण खेळ तीन वाक्यांचा असला तरी उभं राहणं पाऊण तासाचं होतं, आणि ते भर दुपारच्या उन्हात, तापलेल्या दगडावर. बंदरात एक मोठं जहाज लागलं की तीन हजार माणसं उतरायची. दोन लागली की चौकात वाराही शिरायचा नाही. छत्री उंच धरलेले गाईड पुढे, त्यांच्यामागे घामाने डबडबलेली माणसं, आणि सगळ्यांना सम्राटाच्या खांद्याला खांदा लावायचा. कुणी मुकुट घालून बघायचं. कुणी पोर कडेवर द्यायचं. एका बाईने तर पर्स धरायला दिली आणि ती मागच्या मागे निघून गेली. सम्राट वीस मिनिटं लाल पर्स घेऊन उभे. घरी आल्यावर दिंका वाद्या सोडायची तेव्हा त्यांचे वळ पोटऱ्यांत खोल रुतलेले असत, आणि त्यांच्यामधून पाय फुगून वर आलेले.

मार्चमध्ये तिने त्याला ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई आमच्याच भागातल्या, त्यांना सगळं ठाऊक. त्यांनी पायांवर बोट दाबलं, खड्डा पडला, तो बराच वेळ भरेना. शिरा गेल्यात, रक्तदाब नाचतोय, यंदा उन्हात उभं राहायचं नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बार्बा फ्राने, खरा सम्राटसुद्धा तब्येत बिघडली म्हणून राज्य सोडून इथे येऊन राहिला होता. त्याला कमीपणा नाही वाटला, तुम्हाला कसला वाटतो?"

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बार्बा म्हणतात. त्या शब्दानेच फ्रानेला आपलं वय आठवलं. सहासष्ट. घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये खेळ सुरू व्हायच्या आत विंकाला नाही म्हणून सांगायचं. दुपारी खिडक्यांच्या झडपा लावायच्या, पलंगावर पाय उशीवर ठेवायचे आणि चार वाजेपर्यंत कुणाशी काही बोलायचं नाही. एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. दिंका त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

पण सांगायची जागा त्याने चुकीची निवडली. आधी मित्रांना सांगावं म्हणून तो पाश्कोच्या दुकानासमोरच्या कॉफीच्या टेबलावर गेला. वाक्य घोकून गेला होता. खुर्ची ओढतोय तोवर पाश्को पत्ते पिसत म्हणाला, "काय राजेसाहेब, यंदा चौकात चालत येणार की हातगाडीवरून? जून गाठलात तरी खूप झालं."

फ्रानेने खुर्ची सोडली. घोकलेलं वाक्य कुठे गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो म्हणाला, "सप्टेंबर संपेपर्यंत. एक दिवस न चुकवता."

याला आमच्याकडे दिश्पेत म्हणतात, आणि तो स्प्लिटच्या माणसाला आईच्या दुधातून मिळतो. समोरच्याला समाधान मिळू नये एवढ्याचसाठी माणूस डोळे उघडे ठेवून खड्ड्यात उडी मारतो आणि खालून वर बघून हसतो. फ्रानेच्या आजोबांनी शेजाऱ्याला समुद्र दिसू नये म्हणून गच्चीवर भिंत बांधली होती. त्यात त्यांचा स्वतःचाही समुद्र गेला. मरेपर्यंत ते त्या भिंतीकडे तोंड करून कॉफी प्यायले, आणि बघणारे सांगतात की फार सुखात प्यायले.

दिंकाने हे ऐकलं आणि पाच दिवस तोंडातून शब्द काढला नाही. एप्रिलमध्ये खेळ सुरू झाला तेव्हा वाद्या मात्र बांधल्या.

मे कसाबसा गेला. जूनही गेला. जुलैत यूगो सुटला. हा दक्षिणेकडचा दमट वारा आला की डोकं जड होतं, पाव बुरसतो, नवराबायकोची भांडणं होतात, आणि कोर्टातसुद्धा लोक एकमेकांना जरा सांभाळून घेतात. त्यातल्या तिसऱ्या दिवशी फ्रानेने लॅटिनचं दुसरं वाक्य म्हटलं, हात वर केला, आणि तो हात घेऊनच तो हळूहळू मागे कलला. दोन्ही भालेवाल्यांनी त्याला वरच्यावर धरलं. त्यातला म्लाडेन बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी भाला धरतो. त्याने भाला टाकला आणि सम्राटाला काखेत घेऊन कमानीच्या आत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं.

विंका घाबरली. बाई तशी वाईट नाही. तिने दोन दिवस खेळ बंद ठेवला आणि तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की दुसरा माणूस मिळालाय, तरुण आहे, नाटकात काम करतो, बार्बा फ्रानेने आता विश्रांती घ्यावी.

फ्रानेने तिच्यासमोर तोंड पाडलं, पण ती जिना उतरून गेल्यावर तो पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघत राहिला. सोडलं असतं तर पाश्को जिंकला असता. पण त्याने काही सोडलेलं नव्हतं, त्याला काढलं होतं. काढलेल्या माणसाला कोण काय बोलणार? इतका सोपा मार्ग आपल्याला आधी सुचला कसा नाही, आपण मे महिन्यातच का नाही पडलो, याचंच त्याला नवल वाटत होतं. दिंकाने झडपा लावल्या. त्याने पाय उशीवर ठेवले. तेवढ्यात दार वाजलं.

दारात पाश्को होता, हातात कागदात गुंडाळलेला मासा. त्याच्यामागे समोरच्या घरातली येलका मावशी, आमच्या बोलीत तेता येलका, चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणारी म्हातारी, काखेत वाईनची बाटली. जिना चढून दोघंही लालबुंद झाले होते. पाश्को आजवर या घरी रिकाम्या हातानेच आलेला. मासा बघताच दिंकाने ओळखलं, हा काहीतरी मागायला आलाय.

पाश्को बसला, पाणी प्यायला, आणि विचारता झाला की बातमी कळली का. कसली, म्हणून फ्रानेने विचारलं. तो नवीन माणूस, पाश्को म्हणाला, बोर्ना नाव आहे, आणि तो झाग्रेबचा आहे.

झाग्रेब म्हणजे राजधानी. तिथले लोक आमच्याकडे सुट्टीत येतात, माशाला लिंबू मागतात आणि आम्ही आळशी आहोत असं परत गेल्यावर सांगतात. तेता येलकाने छातीवर क्रूस काढला. ती म्हणाली, की या वाड्यात अवारांच्या टोळ्या आल्या, व्हेनिसवाले आले, फ्रेंच आले, इटलीचे सैनिक तर तिने स्वतः लहानपणी बघितले, पण सम्राट झाग्रेबहून आणायची वेळ कधी आली नव्हती.

फ्राने म्हणाला, की तो चांगला नट असेल. पाश्को म्हणाला, की तोच तर घोटाळा आहे, चांगलाच आहे, खांदे आहेत, लॅटिन कॉलेजात शिकलाय, म्हणजे पुढची तीस वर्षं हलत नाही.

"अकरा वर्षं तूच सांगतोस की मी सम्राट दिसत नाही," फ्राने म्हणाला.

"नाहीच दिसत," पाश्को म्हणाला. "तुझ्याइतका वाईट सम्राट रोमला कधी मिळाला नाही. पण तू आमचा वाईट आहेस. तुला नावं ठेवायची तर आम्ही ठेवू. आणि सप्टेंबरपर्यंत म्हणाला होतास, भर टेबलावर. मी ऐकलंय."

दिंका ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "पाश्को, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. चौकात मेला तर तू उचलणार आहेस का?"

पाश्कोने मान खाली घातली. तेता येलका मात्र म्हणाली, की मरायचं तर पेरिस्टिलवर मरण्यासारखं पुण्य नाही, घंटाही जवळ आणि पाद्रीही जवळ. दिंकाने मासा उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

फ्रानेला दोन्ही पाहुण्यांचे चेहरे लांबून बघितल्यासारखे दिसत होते. नाही म्हणायचं तर आवाज चढवावा लागणार, कारणं द्यावी लागणार, पाश्को उलट बोलणार, त्याला उलट उत्तर द्यावं लागणार. हे सगळं कमीत कमी सहा वाजेपर्यंत चाललं असतं. त्यापेक्षा हो म्हटलं की लोक उठून जातात. तो म्हणाला, बरं. लोक उठून गेले. तेवढीच शांतता त्याने त्या दिवशी मिळवली.

विंकाला तोडगा काढावा लागला. तिने ठरवलं, की बार्बा फ्राने येईल तितके दिवस येऊ दे, आणि बोर्नाने समोर गर्दीत उभं राहून खेळ बघून ठेवावा, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. बोर्ना हो म्हणाला. मुलगा सालस होता. तो खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फ्रानेला भेटायला आला, येताना केक घेऊन आला, आणि त्याने विचारलं की फोनवर तुमचा खेळ बघितला, दुसऱ्या वाक्याच्या वेळी तुम्ही डोळे बारीक करता त्यामागे काही विचार आहे का. फ्रानेने सांगितलं, ऊन डोळ्यांत येतं. बोर्नाने ते वहीत लिहून घेतलं.

गुरुवारी बंदरात दोन जहाजं लागली होती. पाश्कोने दुकान बंद करून पाटी लावली. अकरा वर्षांत जी माणसं कॉफीचं टेबल सोडून कधी खेळापुढे आली नव्हती, ती सगळी त्या दिवशी आली. बाराची घंटा झाली, शिंग वाजलं, भालेवाले आले, आणि फ्राने कमानीखालून पुढे येऊन पायऱ्यांच्या वर उभा राहिला. आमच्या लोकांनी आधीच टाळ्या सुरू केल्या. खाली ऊन पांढरं झालं होतं. बाजूला तो काळ्या दगडाचा स्फिंक्स, इजिप्तहून आणलेला, बसल्या जागी तापत होता, आणि फ्रानेला त्याचाही हेवा वाटला. निदान तो बसलेला होता.

त्याने पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं आठवत होतं, अगदी शब्दन्‌शब्द, पण ते उचलून तोंडापर्यंत आणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने हात खाली घेतला. झगा सावरला आणि तो सरळ पायरीवर बसला.

म्लाडेन ओठ न हलवता म्हणाला, बार्बा, उठा, लोक बघताहेत. फ्राने म्हणाला, बघू दे, मी पण बघतोय.

आणि खरंच, त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या लोकांकडे नीट बघितलं. एक म्हातारी बूट काढून एका पायावर उभी होती. एक बाप झोपलेलं पोर खांद्यावर टाकून दुसऱ्या हाताने नकाशाने वारा घेत होता. एक लठ्ठ माणूस खांबाला टेकून डोळे मिटून उभा होता, आणि त्याची बायको त्याला कोपराने ढोसत होती, बघ, बघायला आलोय आपण. सकाळपासून तळघरं बघितली, चर्च बघितलं, बाजार बघितला, अजून जेवण व्हायचं होतं आणि चारला जहाज सुटायचं होतं. त्यांच्यातल्या एकालाही सम्राट नको होता. त्यांना खुर्ची हवी होती.

"लोकहो," फ्राने म्हणाला, लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या गोदीतल्या भाषेत, "मी दमलोय. सहासष्ट वर्षांचा आहे. पाय सुजलेत. मला राज्य नको. मी घरी जातो."

त्याने डोक्यावरचा मुकुट काढला. पहिल्याच रांगेत बोर्ना वही घेऊन उभा होता. फ्रानेने त्याला बोटाने बोलावलं. तो बिचारा गोंधळून पायऱ्या चढून वर आला, त्याच्या समोर आला आणि काय करावं न कळून एक गुडघा टेकून बसला.

"हे धर," फ्राने म्हणाला. "कपाळाला टोचतं. आतून कापूस लाव."

मग त्याने बसल्या बसल्या दोन्ही पायांच्या वाद्या सोडल्या, चपला पायरीवर ठेवल्या, म्लाडेनच्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि अनवाणी कमानीच्या सावलीत निघून गेला. मागे चौकात गाईड सहा भाषांमध्ये सांगत होते, की सम्राटाने आपण होऊन राज्य सोडलं ते असं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. एक जर्मन बाई रडत होती. म्हातारीने दुसराही बूट काढला. पाश्को तेवढा हात खिशात घालून उभा होता, कारण स्प्लिटचा मुकुट त्या घडीला एका झाग्रेबच्या माणसाच्या हातात होता आणि तो त्याच्या आत बोट घालून कुठे टोचतं ते बघत होता.

फ्राने घरी आला, आडवा झाला आणि झोपला. पाच तास. दिंकाने दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते बघितलं.

संध्याकाळी विंका धावतच वर आली. तिच्या फोनवर लोकांचे निरोप पडत होते. दोन्ही जहाजांच्या सहलवाल्यांनी विचारलं होतं, की हे राज्य सोडणं रोज असतं का, उद्याच्या लोकांना बघायला मिळेल का. तिने बार्बा फ्रानेचे हात धरले. पूर्वीचं काही करायचं नाही, ती म्हणाली, फोटो नाहीत, लॅटिन नाही, फक्त बाराला यायचं आणि राज्य सोडायचं, दहा मिनिटांचं काम.

फ्राने उशीवरून म्हणाला, "बाई, राज्य एकदा सोडलं की सोडलं. पुन्हा सोडायला ते परत कुठून आणू?"

विंकाने बरंच सांगून बघितलं. तो नाही म्हणाला, आणि यावेळी त्याला नाही म्हणायला काही जोर लागला नाही. ती गेली. दिंकाने कढई चढवली. खिडकीतून पाकोळ्यांचा किलबिलाट येत होता, यूगो पडला होता, आणि फ्राने पायांकडे बघत होता. ते आपलेच असावेत असं त्याला पुन्हा वाटायला लागलं होतं. सप्टेंबरपर्यंत म्हणाला होता, पण सम्राटाने राज्य सोडल्यावर सप्टेंबर कसला? पाश्कोलाही याच्यावर काही बोलता आलं नसतं.

पण गप्प राहील तो पाश्को कसला. तो तासाभराने आला, मासा न घेता. विंकाचं बोलणं गल्लीत पोचलं होतं, फ्रानेचं उत्तर तेवढं वाटेत कुठेतरी पडलं होतं. तो दारातूनच सुरू झाला. रोज बाराला, भर चौकात, आमच्या डोळ्यांदेखत, झाग्रेबच्या हातात मुकुट द्यायचा? आज एकदा झालं, तुझं डोकं तापलं होतं, आम्ही समजून घेतलं. पण रोज?

दिंका उलथनं हातात घेऊन दाराकडे वळली. तिला पुढचं दिसायला लागलं होतं. ती म्हणाली, पाश्को, गप्प बस, त्याने नाही म्हटलंय, मुकाट्याने घरी जा.

पण पाश्को तिचं ऐकायला आलेला नव्हता. त्याने पलंगापाशी येऊन बोट रोखलं. "मी तुला सांगतो फ्राने, तू हे करणार नाहीस."

दिंकाने उलथनं खाली ठेवलं आणि गॅस बंद केला.

फ्रानेने आधी एक पाय उशीवरून खाली घेतला, मग दुसरा. पाय जमिनीला लागताच त्याचं तोंड कळवळल्यासारखं झालं. तो पलंगाच्या कडेला थोडा वेळ तसाच बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर, एखादं ओझं उचलायच्या आधी माणूस बसतो तसा. आत कुठेतरी त्याला ठाऊक होतं की गप्प राहायचं, नुसतं गप्प राहायचं, एवढंच पुरे आहे.

"कोण करणार नाही?" तो म्हणाला.

बाकी दिंकाने बघितलं. तिने त्याच रात्री विंकाला फोन करून सांगितलं, की पाठीची खुर्ची हवी, ती कमानीखाली सावलीत हवी, पाय ठेवायला स्टूल हवं, आणि वाद्या बांधायच्या नाहीत. विंका सगळ्याला हो म्हणाली. बोर्नाने मुकुटात कापूस लावून घेतला. मुकुट घेतल्यानंतरचं पाऊण तास उन्हात उभं राहायचं काम आता त्याच्याकडे होतं, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याचं झाग्रेबचं गोरं नाक सोलवटून निघालं. तेता येलकाने त्याला ऑलिव्हचं तेल लावायला दिलं, अर्थात पाश्कोची नजर चुकवून.

पाश्कोने निषेध म्हणून रोज दुपारी चौकात येऊन मुकुट उतरेपर्यंत कमानीकडे पाठ करून उभं राहायचं ठरवलं. बसायचं नाही, कारण बसलं तर कॉफी घ्यावी लागते आणि लोकांना वाटतं की बघायला आलाय. सावलीत उभं राहायचं नाही, कारण सावली कमानीच्या पायथ्याशी, तिथून पाठ नीट दिसत नाही. त्यामुळे तो भर चौकाच्या मधोमध, उघड्या डोक्याने, हात मागे बांधून उभा असायचा. पर्यटकांना तोही खेळातलाच वाटायचा. कुणीकुणी त्याच्याबरोबर फोटो काढायचे. येता-जाता तो आम्हाला ऐकवायचा, की मूळ सम्राटाने राज्य एकदाच सोडलं, आमच्या या दिवट्याने आज विसाव्यांदा सोडलं आणि उद्या परत सोडणार.

एकविसाव्या दिवशी ऊन असं होतं की कबुतरंसुद्धा खांबांच्या मागे गेली होती. शिंग वाजलं. फ्राने खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. पाय दुखतच होते, कंबरही दुखत होती, आणि समोर पुन्हा तीच तोंडं होती, नकाशाने वारा घेणारी. तो म्हणाला, लोकहो, मी दमलोय. हे वाक्य त्याला अजून एकदाही खोटं बोलावं लागलं नव्हतं. बोर्ना येऊन गुडघा टेकून बसला. फ्रानेने दोन्ही हात मुकुटाला लावले, आणि त्याची नजर गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडे गेली. पाश्को ठरल्या जागी पाठ करून उभा होता. त्याची मान मागून भाजल्यासारखी लाल झाली होती, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

बोर्नाने हळूच विचारलं, बार्बा, काढताय ना?

फ्रानेने मुकुटावरचे हात खाली घेतले, ते मांडीवर ठेवले, आणि पाठ खुर्चीला नीट टेकवली. काही घाई नाही, तो म्हणाला, जरा बसू दे.